किल्लीवर नजर ठेवणाऱ्या आत्याबाई

आत्याबाईंचा प्रश्न कायम एकच असे, "कशावरनं?" औषध बदललंय म्हणा, बाळाला ताप नाही म्हणा, डॉक्टर जेवायला गेलेत म्हणा, त्या डोळे बारीक करून विचारणारच. संभाजीनगरात मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून मी अठरा वर्षं काढली, पण माझ्यावर इतकी पाळत दुसऱ्या कुणी ठेवली नाही.

त्या पाचोडकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. भावाची दीड महिन्याची मुलगी घेऊन आल्या होत्या. भाऊ वाळूजला कंपनीत, भावजय बाळंतपणानं खचलेली, म्हणून कॉटजवळ आत्याबाईच. पोरीची हनुवटी इतकी आत होती की जीभ मागं पडून श्वास अडायचा. पालथी ठेवली तरच जरा बरं. आत्याबाई तिच्या बरगड्यांवर हात ठेवून बसत. मॉनिटरकडं बघतही नसत. "ते मशीन तुमचं हाय. हात माझा हाय."

डॉक्टरांनी समजावलं: खालच्या जबड्याचं हाड दोन्ही बाजूंनी कापायचं, तिथं स्क्रूच्या पट्ट्या बसवायच्या आणि रोज किल्लीनं थोडं थोडं सरकवायचं. फटीत नवं हाड भरत जातं, जबडा पुढं येतो, जिभेला जागा होते. नाहीतर गळ्याला भोक पाडून नळी. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि भावाला म्हणाल्या, "सही करू नको. गरिबाच्या लेकरावर शिकून घेत्यात हे."

दोन दिवस सही अडली. तिसऱ्या दिवशी दुपारी पोर निळी पडली. आम्ही तिघींनी धावाधाव करून तिचा श्वास परत आणला, तोवर आत्याबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मग त्यांनी स्वतःच भावाला फोन लावला. "ये. सही कर." फोन ठेवून मला हळूच म्हणाल्या, "दोन दिस माझ्यापायी गेलं का?"

"नाही," मी म्हणाले. त्या वेळी मात्र त्यांनी कशावरनं ते विचारलं नाही.

ऑपरेशन झालं. संशय होता तसाच राहिला. सकाळ-संध्याकाळ दोन्ही बाजूंना किल्लीचा एकेक फेरा द्यायचा आणि नोंदीच्या कागदावर सही करायची असे, आणि तेव्हा आत्याबाई अगदी माझ्या कोपराजवळ उभ्या. त्यांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येई. खरं सांगायचं तर राग यायचा.

एके सकाळी उजवीकडचा फेरा दिला आणि शेजारच्या मुलाला उलटी झाली म्हणून मी तिकडं धावले. परत येऊन किल्ली पुन्हा उजवीकडेच लावली.

"ती बाजू झाली," आत्याबाई म्हणाल्या.

"नाही झाली. कागदावर माझी सही कुठंय?"

"सही नाय झाली. फेरा झाला. म्या बघितला."

मी चिडले, पण हात थांबला. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी स्क्रूवरची खूण तपासली. उजवा फेरा झालेला होता. "एका जादा फेऱ्यानं फार बिघडलं नसतं," ते मला म्हणाले. पण मला वाटलं, आता ही बाई तक्रार करणार, पोरीला हात लावू देणार नाही. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "आता डावीकडं लावा. म्या बघते." तेव्हापासून एका बाजूचा फेरा झाला की मी आधी सही करते, मग जागा सोडते. नव्या मुलींनाही तेच शिकवते.

काही दिवसांनी, ऑपरेशनच्या वेळी नाकातून घातलेली श्वासाची नळी निघाली. पोरीला पहिल्यांदा उताणं निजवलं, तेव्हा आत्याबाई तिच्या नाकापाशी तळहात धरून दुपारभर बसल्या. संध्याकाळी तिनं असं काही भोकाड पसरलं की सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

घरी सोडायच्या दिवशी भाऊ कागदपत्रं करायला गेला होता, भावजय पिशव्या भरत होती. आत्याबाईंनी पोरीला उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"धरा जरा, सिस्टर. च्या पिऊन येते."

आणि त्या वॉर्डाच्या दारातून बाहेर गेल्या. मी बघत राहिले. त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.