भिंतीवर चिकटवलेलं बीजगणित

त्या सोमवारी शाळेत पाय ठेवला आणि माझं डोकंच फिरलं. मुलांना बीजगणित शिकवायला केलेले माझे लाकडी ठोकळे मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर भिंतीला टांगलेले होते.

इतवारीतल्या एका सुताराकडून मी ते करून घेतले होते. मोठा चौकोन म्हणजे एक्स वर्ग, पट्टी म्हणजे एक्स, चिमुकला चौकोन म्हणजे एक. सुतार बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "मॅडम, पट्टी सहा लहान ठोकळ्यांहून थोडी जास्त हून राहिली. बरोबर कापून देऊ का?" मी म्हटलं, नको भाऊ, तशीच राहू द्या. एक्स किती ते मोजता येऊ नये, हीच तर त्यातली गंमत.

नववीत एक मुलगी होती, कन्हानहून बसने येणारी. एकदा नापास झालेली. यंदा पुन्हा गणितात अडकली तर शाळा बंद, असं बापाने सांगून ठेवलेलं. अवयव पाडा म्हटलं की ती वहीत मान खुपसायची. ठोकळे दिले त्या दिवशी तिने एक मोठा चौकोन, पाच पट्ट्या आणि सहा चिमुकले सरकवत सरकवत अख्खा आयत जमवला आणि ओरडली, "जमलं वं माय!" एक बाजू एक्स अधिक दोन, दुसरी एक्स अधिक तीन. मी काही सांगितलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक तासाला तिचा हात वर जायला लागला.

आणि आता तपासणी येणार म्हणून आमच्या मुख्याध्यापकांनी तेच ठोकळे प्लायवूडवर पक्के चिकटवले होते! मधे चौकोन, भोवती पट्ट्यांचं फूल, कडेला चिमुकल्यांची नक्षी. "हरवून राहिले होते ना मॅडम," ते म्हणाले, "आता एकही जात नाही." आमच्याकडे वस्तू जपायची म्हणजे तिला कुणाचा हात लागू द्यायचा नाही. नकाशे कपाटात, सूक्ष्मदर्शक कुलपात. अक्कलही त्याच कुलपात ठेवली का सर, असं विचारायचं होतं. हजेरीपट उचलून वर्गावर गेले.

तपासणीचे साहेब नववीत आले. ते फूल वर्गात आणून ठेवलेलंच होतं. बघून खूश झाले आणि सहज विचारलं, "याचं काय होतं?"

कन्हानच्या त्या मुलीचा हात वर. "सर, याचा आयत होते. पण चिपकवून टाकले ना, आता काहीच होत नाही."

वर्ग हसला. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे डोळे वटारले. आणि घरी नवऱ्यापुढे हेच वाक्य दहा वेळा बोललेली मी तिला म्हणाले, "खाली बस. आगाऊपणा करू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी पेचकस घेऊन एकेक ठोकळा उपटला. मुख्याध्यापक बघत होते, बघू देत म्हटलं. लाकडाच्या पाठीला प्लायवूडचे पापुद्रे चिकटून आले. ते सगळे ठोकळे तिच्या बाकावर ठेवले. तिने हात लावला नाही.

"मॅडम, मी बरोबर बोलली होती ना?"

"हो."

"मंग मले खाली काहून बसवलं?"

ती गणितात पास झाली. माझ्या तासाला हात पुन्हा कधी वर केला नाही.