खिंडीतला हिरवा पट्टा

माझा थोरला भाऊ आणि मी दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो, आणि त्याचं मला काडीचंही दुःख नव्हतं. वाटणी झाली तेव्हा घरात बैलांची एकच जोडी होती. मी म्हटलं, जोडी फोडू नको, तूच ठेव, मला दुसरं काही दे. तो म्हणाला, वाटणी म्हणजे वाटणी. एक बैल त्याच्या गोठ्यात गेला, एक माझ्या. माझा बैल महिनाभर त्याच्या गोठ्याकडे तोंड करून हंबरत होता. ते ऐकून ऐकून भावाबद्दल मनात जे काही शिल्लक होतं तेही आटलं.

तलाव बांधणं हे आमच्या घराण्याचं काम. केशोरीच्या बाजूला बाबांनी तीन तलाव बांधले होते आणि चौथा बांधायचं त्यांच्या मनात होतं, तेवढ्यात कंबर गेली आणि ते खाटेला लागले. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, धड धोतर मिळत नव्हतं, आणि बाबांना तलाव सुचत होता. मार्गशीर्षात एका सकाळी त्यांनी आम्हा दोघांना खाटेजवळ उभं केलं.

"डोंगरावर जा. पाणी कोठी थांबते ते पाहा अन् मले येऊन सांगा."

"मी एकटाच जातो," मी म्हटलं.

"एकट्याचं मी आयकत नाही. दोघंही जा."

जागा शोधायची बाबांची रीत साधी होती. धान कापून झालं की गवत वाळायला लागतं. तेव्हा गावामागच्या डोंगरावर चढायचं आणि उन्हं कलली की खाली पाहायचं. जिथं गवत सगळ्यात शेवटी हिरवं राहतं, तिथं जमिनीखाली पाणी धरलेलं असतं. जिथं लवकर पिवळं पडतं, तिथं खाली मुरूम; मातीचा कितीही उंच बांध, म्हणजे पाळ, घाला, पाणी टिकत नाही.

आता घोळ असा होता की वाटणीत वरचं वावर मला आलं होतं आणि खालचं भावाला. दोन्हींच्या मधे खिंड. खिंडीत पाळ घातली तर माझं वावर पाण्याखाली आणि भावाच्या धानाला बारमाही पाणी. भावाच्या वावराखाली पाळ घातली तर त्याचं वावर बुडणार आणि माझं शाबूत. घरातून निघताना हे दोघांनाही ठाऊक होतं.

तो पुढे, मी मागे. अबोल्यातला माणूस बोलतो तो झाडाझुडपांशी. अर्ध्या चढावर भावाने एका पळसाला सांगितलं, "तो दगड हालते." मला सांगतोय हे न कळायला मी काही खुळा नव्हतो. म्हणूनच मी मुद्दाम त्याच दगडावर पाय दिला आणि गुडघा फोडून घेतला. तो हसला नाही, मागे वळलाही नाही. मी उठेपर्यंत पाठ करून तसाच उभा राहिला. हसला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

दुपारी माथ्यावर पोचलो. वहिनीने त्याच्या शिदोरीत माझ्याही वाट्याच्या तांदळाच्या भाकरी आणि जवसाची चटणी बांधली होती. त्याने त्या पळसाच्या पानावर वेगळ्या काढून माझ्याकडे सरकवल्या. मी स्वतःची शिदोरी सोडली आणि तीच खाल्ली. वहिनीच्या भाकरी वानरांनी नेल्या. त्या वेळी मला फार जिंकल्यासारखं वाटलं.

माथ्यावरून सारा मुलूख दिसायचा. धान कापलेल्या बांध्या, मोहाची झाडं, बाबांचे तीन तलाव एकाखाली एक चकाकत असलेले, आणि लांब गोंदियाकडे जाणाऱ्या छोट्या आगगाडीचा धूर. लोक म्हणतात, डोंगरावर गेलं की मन मोठं होतं. माझं तर काही झालं नाही. मी फक्त खिंडीकडे पाहत होतो, आणि खिंड हिरवीगार होती. पोपटी नव्हे, गर्द हिरवी, दोन्ही टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत. भावाचं वावर पार पिवळं पडलं होतं. बाबा सोबत असते तर त्यांनी वरूनच काठी रोखून सांगितलं असतं.

मी चोरून भावाकडे पाहिलं. तो खिंडीकडेच पाहत होता. मग त्याने धोतर झटकलं आणि तो उतरायला लागला.

उतरताना सगळी वाट माझ्या डोक्यात एकच होतं. घरी गेल्यावर हा आधी तोंड उघडणार, खिंड म्हणणार, आणि माझं वावर बुडवून आयुष्यभर त्या पाण्यावर धान पिकवणार. बैलांची जोडी फोडणारा माणूस वावर सोडतो काय? घर जवळ आलं तसा मी झपाझप पुढे गेलो आणि बाबांच्या खाटेजवळ आधी पोचलो.

"काय दिसलं?" बाबांनी विचारलं.

"खिंड वाळून गेली," मी म्हटलं. "पाणी दादाच्या वावरात आहे. पाळ त्याच्याखाली घाला."

भाऊ दारात उभा होता. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं.

"तुले काय दिसलं?" बाबांनी त्याला विचारलं.

"तो सांगते तेच," भाऊ म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

मला त्याचा इतका राग आला, की सांगता येत नाही. खोटं मी बोललो होतो आणि संताप त्याचा येत होता. त्याला माझी लाज राखायची होती की मला जन्मभर मिंधं करून ठेवायचं होतं, हे मला आजही माहीत नाही. एक थोबाडीत मारली असती तर हिशेब तिथंच मिटला असता.

सारं गाव राबलं आणि उन्हाळ्यात पाळ उभी राहिली. बाबांनी बैलगाडीत निजून जाऊन ती पाहिली आणि पाऊस लागायच्या आत गेले. पुढे तलाव भरायचा आणि पौषाच्या आत कोरडा व्हायचा. भावाचं वावर गेलं ते गेलं, पाळीखालच्या वावरांनाही पाणी मिळालं नाही. तरी दर उन्हाळ्यात भाऊ कुदळ घेऊन ती पाळ नीट करायला जायचा. सांगूनसवरून फुटक्या भांड्याला कल्हई. लोक त्याला हसायचे. मी हसत नव्हतो, पण त्यांना गप्पही करत नव्हतो.

सहाव्या उन्हाळ्यात मला राहवलं नाही. पाळीवर गेलो. तो एकटाच माती चोपत होता.

"दादा," मी म्हटलं, "जागा चुकली. खिंड हिरवी होती."

त्याने हातातलं चोपणं खाली ठेवलं नाही.

"मले माईत आहे," तो म्हणाला. "मी भी होतो न वर."