बकऱ्यांकडून खेळणारे मामाजी

मामाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाखनीच्या कोडिंग क्लासमध्ये होते. महिना होत आलाय त्याला. सासरे गेले हे ऐकून माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "आता बकऱ्या कोण खेळणार?" बाजूच्या मुलींना वाटलं, हिला वेड लागलं...

क्लासमध्ये शेवटी एक प्रोग्राम स्वतः लिहून दाखवायचा होता. तो चालला तरच तिथं शिकवायची नोकरी मिळणार होती, अन् पस्तिशीत, दोन लेकरांमागे धावताना, मला ती हवीच होती! मी वाघ-बकरी निवडला. चित्रं नाहीत की रंग नाहीत. काळ्या स्क्रीनवर पंचवीस घरं, 'वा' आणि 'ब' ही अक्षरं, आकडा टाइप केला की सोंगटी सरकते. चार वाघ, वीस बकऱ्या. बकरीमागचं घर रिकामं असलं की वाघ तिच्यावरून उडी मारून तिला खातो; पाच खाल्ल्या की वाघ जिंकले. मैत्रिणींनी खेळून पाहिला, दरवेळी वाघच जिंकले. मी भलती खूश.

मग घरी मामाजी खेळायला बसले. सानगडीला सारा जन्म धानात अन् गुरांमागे गेलेला. गुरं चरेपर्यंत मातीत काडीनं रेघा ओढून ते हाच खेळ खेळायचे. चष्मा नाकावर, एक बोट कीबोर्डवर. "मी बकऱ्या घेतो," म्हणाले. मनात म्हटलं, घ्या, कळेलच आता! अर्ध्या तासात माझे चारही वाघ कोंडले. हलायला जागा नाही, आणि माझा प्रोग्राम आपला विचारतोय, 'वाघाची चाल?' पुन्हा, 'वाघाची चाल?'

"काहून वं, हा कायले इचारून राह्यला? बकऱ्या जितल्या ना!"

"मामाजी, ते मी लिहिलंच नाही. बकऱ्या जितू शकते हे मले माहीतच नव्हतं."

असे हसले की ठसका लागला! त्याच दुपारी मी तो भाग लिहिला. काय छापायचं तेही त्यांनीच सांगितलं: 'वाघोबा कोंडले. बकऱ्या जितल्या.' पुन्हा खेळले, पुन्हा जिंकले, आणि ती ओळ उमटल्यावर सत्तरी ओलांडलेला माणूस बाजेवरून उडी मारूनच उठला.

सरांची अट होती, दोन्ही निकाल सगळ्यांसमोर खेळून दाखवायचे. वाघ कोणीही जिंकवेल हो, पण बकऱ्या? "मी येतो ना क्लासात," मामाजी म्हणाले. सदरा इस्त्री करून ठेवला. अन् चार दिवस आधीच छातीत कळ आली, गेले.

सरांनी मला तेरवीनंतरची तारीख दिली. वाघांच्या जिंकण्याचा डाव सहज झाला. मग वाघ सरांनी घेतले, बकऱ्या मी. पटापट चार बकऱ्या गेल्या. मग आठवलं, खेळताना ते पुटपुटायचे, "बकरी एकटी धाडू नको वं, मागं दुसरी पायजे." जोडीजोडीनं सरकवल्या. एक वाघ अडकला, दुसरा, तिसरा... सर खुर्चीतून पुढं झुकले, मुली टेबलाभोवती गोळा झाल्या, अन् चौथाही कोंडला! ओळ उमटली. काय गलका झाला म्हणून सांगू! मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

"टेस्टिंग कोणी केलं?" सरांनी विचारलं.

"सासऱ्यांनी," मी म्हटलं.

सोमवारपासून मी शिकवायला जाते. घरी आले की त्यांच्या बाजेवर लॅपटॉप घेऊन बसते, स्वतःच दोन्हीकडून खेळते, बहुतेक वेळा बकऱ्याच हरतात. काल मात्र बकऱ्यांनी पुन्हा वाघ कोंडले. घरात कोणी नव्हतं. मी मोठ्यानं म्हटलं, "मामाजी, उद्या वाघ तुम्ही घ्या."