आप्पांचं माप आणि हलका लॅपटॉप

"मुलींसाठी हाच बरा" असं म्हणणारा माणूस मला पुन्हा भेटला, तर त्याच्या खांद्यावर हरभऱ्याचं भरलेलं पोतं ठेवून मी त्याला आमच्या ब्राह्मणपुरीपासून शहाद्यापर्यंत चालवत नेणार आहे. वाटेत पाणीही देणार नाही. तीन वर्षं झाली तरी माझा राग उतरलेला नाही आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. पण खरं सांगायचं तर त्या रागातला थोडाच भाग त्या दुकानदाराचा आहे. बाकीचा सगळा माझा माझ्यावरच आहे.

आप्पा, म्हणजे माझे वडील, शहाद्याच्या मार्केटात मापाडी आहेत. शेतकऱ्याचा माल आला की तो काट्यावर लावायचा, वजन मोठ्याने पुकारायचं आणि लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. मापाडी होण्याआधी ते हमाल होते. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. शर्ट कितीही नीट शिवला तरी त्या बाजूला तो लोंबतो, त्यामुळे आई शिंप्याशी दर दिवाळीला भांडते.

काटा आता विजेवर चालतो, लाल आकडे दाखवतो. तरी मार्केटात एक रीत अजून टिकून आहे. पोतं काट्यावर चढवण्याआधी आप्पा त्याचा कान, म्हणजे वरचा कोपरा, धरून एकदा उचलतात आणि आकडा बोलतात. "बावन्न." "अठ्ठेचाळीस, वर थोडं." मग पोतं काट्यावर जातं आणि काटा तोच आकडा दाखवतो. व्यापारी आणि शेतकरी यांच्यात वाद झाला की दोघंही म्हणणार, "भाऊ, तुम्ही हात लावा." काटा बिघडला म्हणून भांडणं झालेली मी पाहिली आहेत. आप्पांच्या हातावरून कधी कोणी भांडलं नाही. घरात आमच्याकडे फार काही नव्हतं, पण हे होतं.

मला नाशिकला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला तेव्हा कॉलेजने लॅपटॉप घ्यायला सांगितलं. कसा असावा, याचा एक कागदही दिला होता. त्यावरचं निम्मं मला कळलं नव्हतं, पण कळलं असं मी घरी दाखवलं. आप्पा आणि मी नंदुरबारला गेलो. मे महिना होता. दुकानात एसी होता आणि आत शिरताना आप्पांनी चपला बाहेर काढल्या. काउंटरवरची मुलगी हसली. मी त्यांना चपला परत घालायला लावल्या, त्याही डोळे वटारून.

दुकानदाराने दोन लॅपटॉप समोर ठेवले. एक पातळ, चंदेरी, वहीसारखा. दुसरा काळा, जाडजूड, मागच्या बाजूला जाळ्या असलेला. किंमत जवळपास सारखीच. पातळपणाचेही पैसे पडतात, हे मला त्या दिवशी कळलं.

आप्पांनी काय केलं? त्यांना जे येतं तेच केलं. एका तळहातावर एक, दुसऱ्या तळहातावर दुसरा, असे दोन्ही लॅपटॉप उचलले आणि डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "हाऊ सव्वा किलो. अनि हाऊ अडीचले थोडा कमी."

दुकानदाराने खोक्यावर पाहिलं. दोन्ही आकडे बरोबर होते. बरोबर होते म्हणूनच तो जास्त हसला. म्हणाला, "काका, हे काय हरभऱ्याचं पोतं आहे का?" काउंटरवरची मुलगी हसली. आणखी एक गिऱ्हाईक होतं, तेही हसलं.

मीही हसले. कोणाच्या बाजूने, ते मला तेव्हाच माहीत होतं.

आप्पांचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी पातळ लॅपटॉप उलटा केला, खालून हात फिरवला, कडा चाचपल्या. मग काळा उलटा केला आणि त्याच्या जाळ्यांवर बोट ठेवून मला म्हणाले, "हाऊ ले. याले जाळी शे, पंखा शे. त्याले काहीच नई. ओला माल गोणीम्हा बांधा तं तापस का नई? मंग? तुन्हं काम जड शे, मशिन तापी. तापना तं वाफ कोठून निंघई?"

गोणीत हात घालून आतला माल तापलाय का हे ओळखणं, हे त्यांचं रोजचं काम. ते मशिनला लावून पाहत होते. आज मला माहीत आहे की त्या दुकानात त्या दिवशी जेवढी माणसं होती, त्यांत लॅपटॉपबद्दल शहाण्यासारखं एकच माणूस बोललं. कॉलेजच्या कागदावरही तेच लिहिलं होतं, जरा अवघड शब्दांत.

आणि मी काय म्हणाले? घरी आम्ही अहिराणीतच बोलतो. जन्मात मी आप्पांशी कधी पुस्तकी मराठीत बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "आप्पा, तुम्हाला यातलं काही कळत नाही. तुम्ही जरा गप्प बसा." अगदी शाळेतल्या बाईंसारखी, स्वच्छ, दुकानदाराला ऐकू जाईल अशी.

दुकानदाराला आयतंच बळ मिळालं. त्याने पातळ लॅपटॉप माझ्या हातात दिला आणि आप्पांकडे वळून म्हणाला, "मुलींसाठी हाच बरा, काका. रोज बस, होस्टेल, कॉलेज. एवढं वजन पोरगी खांद्यावर वागवणार का?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ते माझ्या बोलण्यावर रागावले. तसं काही नव्हतं. ते माझ्या खांद्याकडे पाहत होते. मग स्वतःचा उजवा खांदा त्यांनी डाव्या हाताने दाबला आणि म्हणाले, "मंग हलका द्या."

मी जिंकले. बसमध्ये खिडकीशी बसून लॅपटॉपचं खोकं मांडीवर धरलं आणि वाटेतलं प्रकाशा गाव येईपर्यंत आप्पांशी एक अक्षर बोलले नाही. त्यांनीच मध्ये एकदा खोकं माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

पहिल्या सहामाहीत चाललं. नुसतं लिहायचं आणि साध्या रेघा मारायच्या तोवर ते चंदेरी पाखरू छान उडत होतं. मैत्रिणी हातात घेऊन "किती गोड" म्हणायच्या. मग इमारती उभ्या करायचं काम सुरू झालं. खांब, जिने, त्यावर पडणारं ऊन, सावली, सगळं स्क्रीनवर. आणि लॅपटॉप तापायला लागला. खालून हात लावला की तव्यासारखा चटका. तापला की गोगलगाय व्हायचा. एक जिना फिरवून पाहायचा तर चहा करून, पिऊन, कप धुऊन यावं, तरी जिना तिथेच. मी त्याच्याखाली वह्या ठेवल्या, पंखा लावला, ओला टॉवेलसुद्धा ठेवून पाहिला. वाफ निघायला वाट नव्हती. दुरुस्तीवाल्याने उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, यात पंखाच नाही. तुमच्या कामाचा नाही हा." मी त्याच्यावर ओरडले. त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण कोणावर तरी ओरडायचं होतंच.

मग मी कॉलेजच्या लॅबमध्ये नंबर लावायला शिकले. वर्गातल्या मुलांचे जाडजूड लॅपटॉप मागायला शिकले. मागताना गोड बोलायला शिकले, आणि त्याची चीड अजून येते. प्रत्येक सबमिशनला माझं काम अर्धवट राहायचं. सर म्हणायचे, "कल्पना चांगली आहे, पण पूर्ण का करत नाही?" मी म्हणायचे, "सॉरी सर."

दर रविवारी आप्पांचा फोन यायचा. जेवलीस का, पाणी येतं का, एवढं झालं की ठरलेला प्रश्न.

"खांदा दुखस का?"

"नई, आप्पा."

"अनि ते? चालस ना?"

"एकदम भारी चालस."

हे मी दीड वर्ष म्हटलं. खर्चाची भीती होती म्हणून नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून तर मुळीच नाही, तसं मी नंतर स्वतःला सांगून पाहिलं, पण पटलं नाही. ज्यांना मी चार लोकांत गप्प बसवलं, ते बरोबर होते, हे माझ्या तोंडून निघत नव्हतं. एवढंच. दीड वर्ष मी माझं नाक सांभाळलं.

तिसऱ्या वर्षाचं कॉलेज सुरू झालं आणि एके दिवशी होस्टेलच्या माझ्या खोलीच्या दारात एक ओळखीची मुलगी उभी राहिली. आप्पांच्या काट्यावर एक हमाल आहे, आप्पांचा जुना जोडीदार, त्याची ती मुलगी. माझ्यामागोमाग तिनेही आर्किटेक्चर धरलं होतं आणि तिला माझंच कॉलेज मिळालं होतं. मला खरंच आनंद झाला. तिने पाठीवरची बॅग उतरवली आणि आतून लॅपटॉप काढला. पातळ. चंदेरी. वहीसारखा.

"हा कोणी घ्यायला सांगितला तुला?" मी विचारलं.

"काकांनी. माझे वडील जाडवाला घेत होते. काका म्हणाले, हलका घे, माझ्या पोरीचा एकदम भारी चालतो." मग जरा घाबरून म्हणाली, "ताई, तुझा तापत नाही ना? लॅबमधला एक जिना उघडून पाहिला, तर माझा खूप तापला. माझंच काहीतरी चुकत असेल."

मी तिला बसायला सांगितलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. इतकी संतापले होते की रडूही येत नव्हतं. त्या हमालाने कॉलेजचा कागद वाचला नसेल, मला फोनही केला नाही. कशाला करेल? मापाड्याने सांगितलं होतं. आप्पा आयुष्यात पहिल्यांदा स्वतः हात न लावता आकडा बोलले होते, आणि तोही माझ्या भरवशावर.

त्या शनिवारी मी घरी गेले. आप्पा ओट्यावर दाढी करत होते. मी तिथेच सगळं सांगून टाकलं, अहिराणीत, एका दमात. आई आतून ऐकत होती, ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"मंग आते का सांगस? तव्हय काय तोंडले कुलूप व्हतं का?"

आप्पांनी अर्धी दाढी तशीच ठेवून मला विचारलं, "नापास व्हयनी का तू?"

"नई."

"मंग झाये ते झाये." त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. "पन त्यानी पोरनं काय?"

मला ओरडा हवा होता. एक शब्दही ओरडले नाहीत. "तू मला दुकानात गप्प बसवलं होतंस" असं म्हणाले असते तरी चाललं असतं. तेही म्हणाले नाहीत. मी म्हटलं, सोमवारी मी मार्केटात येते, त्या हमालकाकांना मीच सांगते. ते म्हणाले, ये.

सोमवारी सकाळी त्यांच्या गाडीवर मागे बसून गेले. वाक्य पाठ केलं होतं. काट्याजवळ हरभऱ्याची पोती लागली होती, व्यापारी, शेतकरी, हमाल, सगळे होते. तो हमाल पोत्यावर बसून चहा पीत होता. मी पुढे व्हायच्या आत आप्पा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मन्हं माप चुकनं, गड्या. मीच सांगं तुले, हलका ले म्हनीसन. चुकनं."

हमालाला आधी कळलंच नाही कशाबद्दल. कळलं तेव्हा तो म्हणाला, "पन भाऊ, तुन्ही पोर म्हणे ना, भारी चालस?" आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"तिन्हं काय नई," आप्पा म्हणाले. "सांगनारा मी व्हतू."

हमाल म्हणाला, जाऊ दे भाऊ, काढू काहीतरी वाट. चहा संपवून तो उठला. पुढचं पोतं आलं. आप्पांनी नेहमीसारखा पोत्याचा कान धरला, उचललं आणि म्हणाले, "बावन्न." तेवढ्यात एका तरुण व्यापाऱ्याने हसत आवाज दिला, "भाऊ, आधी काटाले लावा. आते तुमनं माप चुकस ना."

दोन-चार जण हसले. त्यात वाईट हेतू नव्हता, मार्केटात सगळेच एकमेकांची थट्टा करतात. नंदुरबारच्या दुकानातही असंच हसले होते. आप्पांनी पोतं काट्यावर ठेवायला लावलं. लाल आकडा आला, बावन्न. पुढच्या पोत्याचा कान त्यांनी धरला नाही. ते सरळ काट्यावर लावायला सांगितलं.

आप्पांचं माप चुकलं नव्हतं. दुकानात चुकलं नव्हतं, त्या दिवशीही नाही. खोटं मी बोलले होते. ते पाठ केलेलं वाक्य तोंडात घेऊन मी काट्यापासून चार हातांवर उभी होते, आणि मी बोलले नाही.