शर्लीचे नॅपकिन

शर्ली पेझारकर गेली तेरा वर्षं आमच्या मंडळाच्या दिवाळी फराळाला पेपर नॅपकिन आणते. मंडळाच्या यादीत प्रत्येक घरापुढे एकेक पदार्थ असतो. कुणाकडे चकली, कुणाकडे करंज्या, कुणाकडे चिरोटे. शर्लीपुढे नॅपकिन. पाच पाकिटं, पांढरे, जाड. पुण्याहून नव्याने आलेल्या मुली म्हणतात, "शर्लीआंटींना कुकिंग जमत नाही वाटतं." शर्ली ऐकते आणि हसते.

हे सगळं लिहू का, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "खुशाल लिही. मीनाक्षीवहिनी लेबल सोडून छापलेलं काहीही वाचत नाहीत."

शर्लीच्या नवऱ्याने, राफाएलने, आणि मी ठाण्याला एकाच वर्गात बी. कॉम. केलं आणि नंतर मागेपुढे इंग्लंडात, रीडिंगला आलो. ही मंडळी बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी यहुदी. शर्लीचं माहेर पेणचं. घरात बोलणं मराठी, भांडण मराठी, फक्त प्रार्थना तेवढी हिब्रू. तिच्या स्वयंपाकघराचे नियम माझ्या आजीच्या सोवळ्यापेक्षा कडक आहेत. डुकराचं काही नाही. कोलंबी नाही, खेकडा नाही, खवले नसलेला मासा नाही. मटण आणि दूध एका भांड्यात कधीच नाही, त्यासाठी ओट्याखाली भांड्यांचे दोन वेगळे कप्पे.

नोकरीही तशीच. रीडिंगच्या एका प्रायमरी स्कूलच्या किचनमध्ये ती बावीस वर्षं आहे आणि ॲलर्जी असलेल्या मुलांची ताटं तिच्याकडे असतात. शेंगदाणा चालत नाही त्याला लाल ट्रे, दूध चालत नाही त्याला निळा. ताट खिडकीबाहेर जाण्याआधी ती कुकला विचारते, "कशात तळलंय? चमचा कुठला वापरला?" बावीस वर्षांत एकही ताट चुकलेलं नाही. तिची ओळख करून द्यायची तर मी एवढंच सांगेन की, घासात काय आहे ते विचारल्याशिवाय ही बाई तो पुढे जाऊ देत नाही.

तेरा वर्षांपूर्वी मी मंडळाचा कार्यवाह होतो. त्या दिवाळीला यादीत शर्लीपुढे 'चिकाचा हलवा' असं लिहिलं होतं. हा त्यांचा नव्या वर्षाचा पदार्थ. तिने तीन दिवस गहू भिजवले, वाटले, गाळून चीक काढला आणि नारळाच्या दुधात, साखर घालून, चार तास एका जागी उभं राहून तो आटवला. वर बदाम-पिस्त्याचे काप. काचेच्या मोठ्या भांड्यात वड्या पाडून, वर क्लिंगफिल्म लावून, आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवून तिने ते भांडं सकाळीच हॉलवर आणून दिलं.

फराळाचं टेबल मीनाक्षीवहिनींच्या ताब्यात असायचं. मीनाक्षीवहिनी म्हणजे आमच्या उल्हासची बायको. उल्हास शेजारच्या ब्रॅकनेलला आयटीत, माझा रविवारचा बॅडमिंटनचा पार्टनर. वहिनी पक्क्या शाकाहारी. सुपरमार्केटमध्ये चष्मा कपाळावर चढवून, बिस्किटाचा पुडा नाकाशी धरून, त्यात जिलेटिन आहे का ते वाचणाऱ्या. त्याचं मला कौतुकच होतं.

त्या दिवशी त्यांनी ते भांडं माझ्या हातात दिलं. "हे टेबलाखाली ठेवा, चंद्रशेखर."

"का हो? हलवा आहे. अंडंसुद्धा नाही त्यात. नारळाचं दूध आहे नुसतं."

"अहो, प्रश्न हलव्याचा नाही, भांड्याचा आहे. त्यांच्या घरी त्यात काय काय शिजतं, तुम्ही बघायला गेलायत? उद्या कुणाचा नेम मोडला तर पाप माझ्या माथी."

मी ते भांडं टेबलाखाली ठेवलं. पांढरी चादर खाली ओढून घेतली. आपण वाद कशाला घाला, असं म्हणून मोकळा झालो.

संध्याकाळी हॉल आवरताना शर्ली भांडं शोधत आली. चादर तिनेच उचलली. क्लिंगफिल्मला सुरकुतीही पडली नव्हती. मीनाक्षीवहिनी डबे मोजत होत्या, त्यांनी मागे वळून पाहिलं.

"अगं बाई! मांडायचं विसरलंच की गं!"

शर्लीने माझ्याकडे पाहिलं. मी खुर्च्या रचत होतो, त्या रचत राहिलो.

राफाएलने नंतर सांगितलं की त्या दोघांनी आठ दिवस रोज जेवणानंतर तो हलवा खाल्ला. शर्लीने एक वडीही टाकू दिली नाही. पुढच्या वर्षी यादी आली तेव्हा तिने स्वतःच्या हाताने 'नॅपकिन' असं लिहिलं.

तिने मंडळ सोडलं नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. सोडलं असतं तर लोक विसरले असते. ती दर वर्षी यायची, मीनाक्षीवहिनींच्या शेजारी उभी राहायची आणि प्रत्येक ताटाला एक नॅपकिन लावायची. वहिनी तिला अगं-तुगं करायच्या. ती त्यांना कायम अहो-जाहो करायची. त्या 'अहो'त मला कधी आदर ऐकू आला नाही. पण वहिनींना ऐकू येत असावा.

उल्हास गेल्या वर्षी रिटायर झाला. सगळे मिळून कुठेतरी ऊन बघायला जाऊ, अशी त्याने टूम काढली. तीन जोडपी, आठ दिवस, बार्बाडोस. शर्लीच्या शाळेच्या सुट्टीसाठी फेब्रुवारीचं हाफ टर्म धरलं. ती नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. ती लगेच हो म्हणाली.

तिसऱ्या संध्याकाळी माझ्या बायकोचं, रेखाचं, डोकं उन्हाने चढलं म्हणून ती खोलीवर राहिली. आम्ही पाच जण समुद्राकाठच्या 'कासा पेलिकानो' नावाच्या मेक्सिकन खानावळीत गेलो. वर पत्रा, खाली वाळू, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, फळ्यावर खडूने लिहिलेला मेनू, प्रत्येक टेबलावर पिवळ्याजर्द मिरचीच्या सॉसची बाटली. सहा वाजता सूर्य कुणी ओढून घेतल्यासारखा समुद्रात गेला.

मेनू फळ्यावर, त्यामुळे वहिनींना वाचायला लेबल नव्हतं. त्यांनी मोठे झुमके घातलेल्या वेट्रेसला बोलावून विचारलं, "नो मीट? नो फिश? नो एग?"

"ओन्ली बीन्स, डार्लिंग. बीन्स अँड राइस."

"म्हणजे राजमाच की!" वहिनी खूश झाल्या. "दोन आणा. उल्हास, तुलाही तेच." उल्हास कोंबडीच्या ओळीकडे पाहत होता, त्याने मान खाली घातली. मी चीजचा कसलासा पापुद्रा मागवला.

शर्ली नेहमीप्रमाणे उठून आत गेली. मीही हात धुवायला उठलो. बेसिन किचनच्या खिडकीला लागूनच होतं. आत मेक्सिकोहून आलेली एक जाडजूड बाई एकटीच सगळं करत होती. शर्लीने विचारलं, माशाला खवले असतात का? बाईने फ्लाइंग फिशचा खवल्यांसकट तुकडा काढून दाखवला. मग शर्लीने शाळेतला प्रश्न विचारला, कशात तळता? मासा तेलात, वेगळ्या तव्यावर. आणि त्या बीन्स?

बाईने मागच्या फळीवरचा मोठा डबा खाली घेतला, त्यातून पांढऱ्या चरबीचा डाव भरून घोटलेल्या बीन्सच्या कढईत सोडला आणि हसत झाकण आमच्याकडे वळवलं. झाकणावर गुलाबी डुकराचं चित्र होतं.

माझे हात साबणाचेच राहिले. "शर्ली, वहिनींना सांगायला हवं."

तिने नळ माझ्यासाठी सोडला. मग अगदी शाळेतल्या आवाजात, हळू आणि स्पष्ट, म्हणाली, "चंद्रशेखर, बारा वर्षांपूर्वी तू माझं भांडं टेबलाखाली ठेवलंस आणि गप्प बसलास. मी तुला कधी विचारलं? आता परत गप्प बस. एवढंच मागते."

"अगं पण त्यांचा आयुष्यभराचा नेम आहे."

"माझापण आहे. मला ठाऊक आहे नेम म्हणजे काय ते. त्यांना कधी ठाऊक होतं?"

आम्ही टेबलाशी परतलो. ताटं आली. शर्ली आणि राफाएलपुढे मासे घातलेले टाको, वहिनींपुढे वाफाळत्या बीन्सची खोलगट ताटली.

"मासे खाणाऱ्यांचं बरं असतं," वहिनी म्हणाल्या. "कुठेही जा, सोय. हाल आमचे. आमच्याकडे सात पिढ्यांत कुणी शिवलं नाहीये. तुमच्यात काय गं शर्ली, सगळंच चालतं ना?"

"हो," शर्ली म्हणाली. "आमच्यात काय, सगळंच चालतं. गार होतंय, घ्या ना वहिनी."

वहिनींनी घास घेतला. त्यांचे डोळे मिटले. मी त्यांना बावीस वर्षं ओळखतो, पण त्यांना असं जेवताना कधी पाहिलं नव्हतं. "काय खमंग आहे हो! कडव्या वालांसारखं, पण त्याहून मऊ. तोंडात विरघळतंय."

उल्हास म्हणाला, "खरंच गं, तुझ्या राजम्याला ही चव नाही."

"तूप चांगलं असणार त्यांचं."

ताटली रिकामी झाली. तेव्हा शर्लीने स्वतः हात वर करून वेट्रेसला बोलावलं आणि मैत्रिणीसाठी अजून एक प्लेट मागवली. प्लेट आली तेव्हा मी तोंड उघडलं. शर्लीने माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं तेव्हा चादर उचलल्यावर पाहिलं होतं. मी पाण्याचा घोट घेतला. तिने आपल्या पर्समधून एक पांढरा, जाड नॅपकिन काढला, उलगडला आणि वहिनींच्या मांडीवर पसरला.

परतताना वाळूतून चालताना राफाएल आणि उल्हास पुढे होते, वहिनी त्यांच्यामागे. मी शर्लीला म्हटलं, "शाळेत असं झालं असतं तर?"

"नोकरी गेली असती. जायलाच हवी."

"मग?"

"शाळेतल्या पोरांनी माझं काय वाकडं केलंय?"

"बरं वाटलं का?"

तिने चपला हातात घेतल्या. "पोट भरलं," म्हणाली.

आठ दिवसांत मीनाक्षीवहिनी तिथे आणखी दोनदा गेल्या. मी रेखालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर टेबलाखालचं भांडंही सांगावं लागलं असतं.

पुढच्या दिवाळीला यादीत वहिनींच्या नावापुढे नवाच पदार्थ होता, 'बार्बाडोस बीन्स'. हॉलवर सगळ्यांनी वा वा केली. वहिनींचं मात्र समाधान होईना. तूप घालून पाहिलं होतं, लोणी घालून पाहिलं होतं, लसूण जाळून पाहिला होता. ताटं भरून झाली आणि सगळ्या बायका टेबलाभोवती उभ्या असताना त्या शर्लीकडे वळल्या.

"तू आत गेली होतीस ना त्या दिवशी? त्या बाईशी बोलत होतीस. काय घालते गं ती?"

वीस-बावीस बायका ऐकत होत्या. शर्लीने एक शब्द उच्चारला असता तर सात पिढ्या तिथेच, त्या हॉलमध्ये, पांढऱ्या चादरीवर सांडल्या असत्या. याच क्षणासाठी ती तेरा वर्षं नॅपकिन आणत होती, असं मला वाटलं. ती सांगणार, याची मला खात्री होती आणि खोटं कशाला बोलू, तिने सांगावं असंही क्षणभर वाटलं.

शर्लीने चमचाभर बीन्स उचलून वास घेतला, पण खाल्ल्या नाहीत. "मसाल्याचा प्रश्नच नाही, वहिनी," ती म्हणाली. "भांड्याचा आहे. तिचं भांडं जुनं होतं. त्यात काय काय शिजलेलं असतं."

वहिनींनी हे पटल्यासारखी मान हलवली. त्यांना काही आठवलं नाही. तेव्हा मला कळलं की शर्ली का सांगत नाही. सांगितलं असतं तर ते वहिनींचं दुःख झालं असतं. न सांगितलेलं तिचं एकटीचं होतं आणि दर दिवाळीला ते पुन्हा ताजं होणार होतं.

"मग तुझंही भांडं जुनं आहेच की," वहिनी हौसेने म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तूच करून आण ना. तुझ्या भांड्यात."

शर्लीने पाकीट फाडलं आणि पुढच्या ताटाला नॅपकिन लावला.

"नको वहिनी," ती म्हणाली. "मी नॅपकिन आणते."