ब्रुनो आणि गोणपाटाची खोळ

फाटकाबाहेर धानाचे चार ट्रक उभे होते आणि एकही पोतं खाली उतरत नव्हतं. तुमसरच्या त्या राइस मिलचे हमाल रस्त्याकडेला बिड्या ओढत बसले होते. आत टिनाच्या शेडखाली ब्रुनो नावाचा रॉटवायलर जातीचा कुत्रा साखळीला बांधलेला होता. वजन पन्नास किलोच्या आसपास.

पोलीस श्वानपथकात मी हँडलर होतो. म्हणजे कुत्र्याला शिकवणं, फिरवणं, त्याचं आजारपण काढणं, सगळं माझ्याकडे. निवृत्तीनंतर करडी या माझ्या गावी शेती पाहत होतो. मिलमालक प्रकाशशेठनी फोन करून बोलावलं.

"काल यानं मुकादमाचा हात धरला," शेठ म्हणाले. "तुमी एकदा पाहून घ्या मेश्रामजी. नाहीतर इंजेक्शन देऊन मोकळा करतो."

मुकादम भाऊराव हाताला पट्टी बांधून बसला होता. दवाखान्यात रेबीजची सुई घेऊन आला होता. मी जखम पाहिली. चार दातांचे ठसे होते, मांस फाटलेलं नव्हतं. रॉटवायलरनं मनात आणलं तर मनगटाचं हाड राहत नाही. यानं फक्त रोखून धरलं होतं.

मी तसं बोललो. भाऊराव म्हणाला, "हात तुमचा नाही ना, साहेब. हा कुत्रा इथं राहीन त आमी नाही येत."

त्याचं चुकत नव्हतं. मी विचारलं, "एरवी अंगावर येतो का?"

"नाही. आमी त्याच्याजवळ डबा खातो तवा गुमान बसते. काल पोतं घेऊन जाऊन राहिलो होतो, तवाच धरलन."

शेठकडून कळलं की ब्रुनो दहा महिने नागपूरच्या बंगल्यात वाढला आणि मिलमध्ये येऊन पंधरा दिवस झाले. पंधराही दिवस साखळीला. कालच ती तुटली होती. वर तापलेलं टिन, पाण्याचं भांडं कोरडं. एवढ्या मोठ्या काळ्या कुत्र्याला ऊन सोसत नाही, आणि बांधून ठेवलं की तो चिडका होतो. मी आधी त्याला पाणी पाजलं. मग फिरायला घेऊन गेलो. तेवढ्या वेळात ट्रक रिकामे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रुनोच्या तोंडाला मुसकं घातलं आणि एका हमालाला लांबून मोकळा चालायला सांगितलं. ब्रुनो शांत. मग त्याच हमालाला डोक्यावर खोळ आणि पाठीवर पोतं घेऊन चालवलं. खोळ म्हणजे गोणपाट दुमडून केलेली टोपी, मानेला पोतं घासू नये म्हणून. ब्रुनोच्या पाठीवरचे केस उभे राहिले. कुत्रा माणूस ओळखतो तो वासावरून, चेहऱ्यावरून आणि चालीवरून. इथं चेहरा झाकलेला, पाठीला कुबड, चाल वाकडी, आणि सगळ्यांना गोणपाटाचा एकच वास. त्याला ते माणूस वाटतच नव्हतं.

"आता तुम्ही पाहिजे," मी भाऊरावला म्हणालो. "नाही म्हणालात तरी चालेल."

त्यानं हमालाच्या हातातली खोळ घेतली. मग म्हणाला, "पट्टा सोडसान नको."

मी पट्टा हाताला दोन वेढे गुंडाळला. भाऊराव वीस पावलांवर बसला, ब्रुनोला हाक मारली आणि त्याच्या डोळ्यांदेखत खोळ डोक्यावर घेतली. काढली. पुन्हा घेतली. "मीच आहो ना बे," तो म्हणत राहिला. तो जागचा उठला नाही. रोज आम्ही थोडं अंतर कमी केलं. पाचव्या दिवशी ब्रुनोनं खोळ हुंगली आणि भाऊरावच्या पायाशी आडवा झाला. आठव्या दिवशी हमाल त्याच्यासमोरून पोती नेत होते. मुसकं मात्र मी महिनाभर काढू दिलं नाही.

त्यानंतर शेठचा पुन्हा फोन आला. "मेश्रामजी, आता हा पोतं घेतलेल्या कोणालेच काही म्हणत नाही. उद्या चोरानं पोतं उचललं त?"

"फाटकावर माणूस ठेवा," मी म्हणालो.

शेठनी ठेवला. लोक असा कुत्रा घेताना त्याचा जबडा पाहतात. आपल्या दारी रोज कोण येतं आणि कशा वेशात येतं, हे त्याला दाखवायचं मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.