दहा फूट जादा

चौथी नापास माणसानं रेडिओच्या अँटेनाला हात लावू नये. हे मी अनुभवानं सांगतो.

माझी लेक विद्या कॉलेजात शिकवते आणि सरकारी परवाना काढून घरात हॅम रेडिओ, म्हणजे लांबच्यांशी बोलायचा बिनतारी डबा, चालवते. थोरला महेश मस्कतला, त्याच्याकडंही तसलाच डबा. माझ्या बायकोची एकच इच्छा होती. "फोनवर कुनीबी बोलतंय. पोरांनी त्या डब्यावर बोलावं, मी शेजारी बसून ऐकावं." अँटेना उभी व्हायच्या आधीच ती गेली. वर्षश्राद्धाला महेशला रजा मिळाली नाही, म्हणून ठरलं, त्या दिवशी दुपारी चारला दोघांनी डब्यावर बोलायचं.

विद्यानं महिनाभर कॉम्प्युटरवर अँटेनाची चित्रं काढली. लांबी बदलली की चित्र बदलायचं.

"हे बघा आप्पा. एकवीस फूट ठेवली की लाट अशी आडवी पसरते, भाकरीसारखी. सगळा जोर आडवा, म्हणून लांब जाते. पार मस्कतपर्यंत."

"आनि तीस फूट केली तर?"

"मग जोर वर उठतो. सगळं आभाळात. मस्कतला काही नाही."

मी मान हलवली. पटलं मात्र एक अक्षर नाही. अख्ख्या भवानी पेठेनं टीव्हीची अँटेना बांबूला बांधून वर वर चढवली. उंची वाढवून चित्र बिघडलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं.

श्राद्धाची जेवणं उरकली तसा मी गुपचूप गच्चीवर गेलो. कोपऱ्यात बायकोचा साड्या वाळत घालायचा दहा फुटी अ‍ॅल्युमिनियमचा पाइप होता. हयातीत तिनं मला त्याला हात लावू दिला नव्हता (एकदा मी त्यानं चिंचा पाडल्या होत्या). खालचा बोल्ट सोडून अँटेना आडवी केली, टोकाला पाइप जोडून पट्ट्या आवळल्या आणि दोरीनं ओढून पुन्हा उभी केली.

समोरच्या गच्चीवरनं शकिलाबी बघत होत्या. "क्या आप्पा, आसमान कू भोक पाडते क्या?"

चार वाजले. मीटर बघून विद्याच्या कपाळाला आठ्या. "काल तर बरोबर होतं की." बटणं फिरवून तिनं कसंबसं जुळवलं अन् हाका सुरू केल्या. डब्यातनं नुसती खरखर. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

मी धीर दिला. "थांब, येतंय. आज जोर जादा हाय."

"कसला जोर, आप्पा?"

माझी नजर छताकडं गेली. ती तरातरा गच्चीवर गेली, तशीच खाली आली. कॉम्प्युटरवर दहा फूट वाढवून तिनं तो माझ्याकडं वळवला. भाकरी गायब. चुलीतला जाळ वर जावा तसं चित्र.

पाइप उतरवेपर्यंत महेशची जेवणाची सुट्टी संपली. त्याचा फोन आला. "आप्पा, अर्धा तास कान लावून बसलो. काहीच आलं नाही."

विद्या ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "आपलं सगळं बोलणं वर गेलं, आप्पा."

"मग जिला ऐकायचं हुतं, तिला तर गेलं की."

लेक हसली. पदरानं डोळे पुसले. मलाही जरा बरं वाटलं.

पाइप जागेवर ठेवताना मात्र ध्यानात आलं, बायकोनं ऐकलं असतं तर तिकडनं पहिला सवाल काय आला असता.

"माझ्या साड्यांच्या पाइपाला हात कुनी लावला?"

डब्यात नुसती खरखर होती, तेच बरं झालं.